सरळ केलेली नदी पुन्हा वाकडी कशी करतात? किसिमीची गोष्ट

आजची गोष्ट एका नदीची आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातली किसिमी नदी. ऑर्लँडो हे नाव तुम्ही डिस्ने वर्ल्डमुळे ऐकलं असेल. त्या भागात तळ्यांची एक साखळी आहे. तिचं पाणी गोळा होत होत किसिमी तळ्यात येतं, तिथून ही नदी दक्षिणेला निघते आणि ओकीचोबी नावाच्या प्रचंड तळ्याला जाऊन मिळते.

या नदीला अमेरिकन सरकारनं एकदा सरळ केलं. मग त्याच सरकारच्या त्याच खात्यानं तिला पुन्हा वाकडं केलं. सरळ करायला ९ वर्षं लागली. वाकडं करायला, नुसतं बांधकाम मोजलं तरी, २२ वर्षं.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेकला पर्यावरणशास्त्राचा एक सक्तीचा पेपर होता. त्यात नद्यांचं प्रदूषण होतं, पण बिघडलेली नदी पूर्ववत करणारे शास्त्रज्ञ रोज नक्की काय काम करतात, हे कुठेच नव्हतं. आमच्या धंद्यात नवीन कोड बिघडला की रोलबॅक मारतो, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणतो. ते जमतं, कारण जुनी आवृत्ती कुठेतरी जशीच्या तशी जपलेली असते. नदीची जुनी आवृत्ती कुठे असते? किसिमीबद्दल वाचायला लागलो ते या एका प्रश्नामुळे.

आधी नदी कशी होती ते बघू. किसिमी तळं ते ओकीचोबी तळं हे अंतर साधारण ९० किलोमीटर. पण नदी मात्र वळणं घेत घेत १६६ किलोमीटर वाहायची. जमीन इतकी सपाट की उतार जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात पाणी काठाबाहेर पडायचं आणि दोन्ही बाजूंना मिळून दीड ते तीन किलोमीटर रुंद पट्ट्यात पसरायचं. आपल्याकडे पूररेषेच्या आतली जमीन म्हणतो ना, तसा हा पट्टा. फरक एवढाच की इथे पाणी दोन दिवसांत उतरत नसे, महिनोन्‌महिने राहायचं. त्या उथळ पाण्यात गवत, लव्हाळी, मासे, बदकं, बगळे असा सगळा संसार होता.

मग १९४७ साल आलं. त्या वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पाठोपाठ दोन चक्रीवादळं आली आणि दक्षिण फ्लोरिडा पाण्याखाली गेला. लोकांनी सरकारकडे पूरनियंत्रण मागितलं, आणि ही मागणी अगदी रास्त होती. १९४८ मध्ये अमेरिकन संसदेनं मध्य आणि दक्षिण फ्लोरिडासाठी मोठी योजना मंजूर केली. १९५४ मध्ये तिच्यातल्या किसिमीच्या भागाला मान्यता मिळाली. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्करी अभियंत्यांच्या खात्याकडे काम गेलं. १९६२ ते १९७१ या काळात त्यांनी नदीच्या जागी सी-३८ नावाचा कालवा खणला. ९० किलोमीटर लांब, सुमारे ३० फूट खोल, ३०० फूट रुंद. त्यावर दरवाजे असलेले बांध घातले. म्हणजे वाहती नदी जाऊन तिथे पाण्याच्या पाच पायऱ्या झाल्या. जुनी वळणं बाजूला तशीच राहिली, पण त्यातलं पाणी थांबलं.

पूर आटोक्यात आला. अभियंत्यांनी जे कबूल केलं होतं ते करून दाखवलं, हे लक्षात ठेवा. बिघडलं ते मागणीत कुणी लिहिलंच नव्हतं.

काय बिघडलं? पूरपट्टा कोरडा पडला, तिथे गुरं चरायला लागली. हिवाळ्यात येणारी बदकं आणि पाणपक्षी सुमारे ९० टक्क्यांनी घटले. बगळ्यांच्या जागी गायबगळे दिसायला लागले. तेच, जे आपल्याकडे म्हशीच्या मागे मागे फिरतात. त्यांना नदी लागत नाही, कुरण पुरतं. थांबलेल्या वळणांत पाणवनस्पती माजल्या, त्या कुजून तळाशी काळा थर साचला आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला. तिथे गार आणि बोफिन हे मासे जास्त दिसायला लागले. हे मासे वर येऊन हवा गिळू शकतात, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. म्हणजे पाणी तपासायचं यंत्र नसलं, तरी जाळ्यात कोण येतंय यावरून नदीची तब्येत कळत होती.

याच काळात ओकीचोबी तळ्याची काळजीही वाढली होती, कारण कुरणांतली घाण आता सरळ कालव्यातून झपाट्यानं तळ्यात येत होती. मार्जरी स्टोनमन डग्लस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी किसिमी पूर्ववत करा म्हणून आवाज उठवला. कालवा पूर्ण झाला १९७१ मध्ये, आणि पाचच वर्षांत, १९७६ मध्ये, फ्लोरिडाच्या विधिमंडळानं नदी पुनरुज्जीवनाचा कायदा केला. पण ‘नदी परत आणा’ म्हणजे नक्की काय आणा?

इथून आपल्या शास्त्रज्ञांचं काम सुरू होतं.

पहिली पायरी छोटा प्रयोग. १९८४ ते १९८९ दरम्यान कालव्याच्या एका टप्प्यात तीन आडवे बंधारे घालून थोडं पाणी जुन्या वळणांत वळवलं. वळणांत प्रवाह आला तसा तळाचा कुजका थर वाहून जाऊन खालची वाळू उघडी पडायला लागली. म्हणजे नदी मेली नव्हती. पण हेही कळलं की नुसत्या बंधाऱ्यांनी भागणार नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात नदीची लहान प्रतिकृती करून पाणी सोडून पाहिलं. त्यातूनही उत्तर तेच आलं: कालवाच बुजवावा लागेल, तोही सलग लांब पट्ट्यात.

दुसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट ही तिथली जलव्यवस्थापनाची सरकारी संस्था. तिथले जीवशास्त्रज्ञ लुईस टॉथ आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे पेच असा होता की प्रत्येकाला वेगळी नदी हवी होती. शिकाऱ्यांना बदकं हवी, मासेमारांना बास मासा हवा, तळ्याची चिंता करणाऱ्यांना स्वच्छ पाणी हवं. शास्त्रज्ञांनी भूमिका घेतली की एकेका प्राण्यासाठी नदी आखायची नाही. पाणी पूर्वीसारखं वाहू द्या, बाकीचे आपापले येतील. पण ‘पूर्वीसारखं’ हा शब्द अभियंत्याच्या काही कामाचा नाही, त्याला आकडा लागतो.

म्हणून त्यांनी आकडे काढले. कालव्याआधीच्या प्रवाहाच्या नोंदी सरकारी दप्तरात होत्या. १९५० च्या दशकातली विमानातून घेतलेली छायाचित्रं होती, त्यावरून कुठे कोणती वनस्पती होती याचे नकाशे करता आले. पाण्यातल्या किड्यांसारख्या काही गोष्टींची जुनी नोंदच नव्हती, तिथे त्याच प्रदेशातल्या, तशाच दुसऱ्या नद्यांवरून अंदाज बांधला. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. नदीची जुनी आवृत्ती एका जागी नसते. ती तुकड्या-तुकड्यांत, वेगळ्याच कारणासाठी जपलेल्या कागदांत असते.

त्यातून पाच अटी तयार झाल्या. प्रवाह वर्षभर चालू राहिला पाहिजे, आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त झाला पाहिजे. पात्रातला वेग सेकंदाला ०.८ ते १.८ फुटांच्या मध्ये हवा, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी. ठराविक विसर्गाच्या वर पाणी काठाबाहेर पडलंच पाहिजे. पूरपट्टा पूर्वीइतक्याच वेळा आणि पूर्वीइतका काळ भिजला पाहिजे. आणि पाचवी अट मला फार आवडते: पाणी उतरताना महिन्याला एक फुटापेक्षा जास्त वेगानं उतरता कामा नये.

एक फूट का? समजा दरवाजे उघडून पाणी झटकन खेचून घेतलं. पूरपट्ट्यातल्या खळग्यांत मासे अडकतात, आणि कुजलेलं, ऑक्सिजन नसलेलं पाणी एकदम नदीत येतं. हळू उतरलं तर मासे पाण्याबरोबर परततात, आणि उथळ होत जाणाऱ्या डबक्यांत बगळ्यांना आयतं जेवण मिळतं. आपल्याकडे धरणाचं पाणी हटतं तसतशी लोक गाळपेर करतात. पाणी किती हळू हटतं यावर कुणाचं तरी पोट असतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी तेच मासे आणि बगळ्यांच्या वतीनं लिहून काढलं.

१९९२ मध्ये अमेरिकन संसदेची मंजुरी मिळाली. पण बुजवलेली माती पुरात टिकेल का, ही अभियंत्यांची शंका होतीच. म्हणून १९९४ मध्ये आधी फक्त १,००० फूट कालवा बुजवून पाहिला. दरम्यान शास्त्रज्ञ मोजत होते. खरं काम सुरू होण्याआधीची काही वर्षं त्यांनी बिघडलेल्या नदीचीच मोजदाद केली: ऑक्सिजन, मासे, वनस्पती, पक्षी. आज किती वाईट आहे हे लिहून ठेवलं नाही, तर उद्या सुधारलं हे सिद्ध कसं करणार?

१९९९ मध्ये मोठं काम सुरू झालं. कालवा खणताना निघालेली माती काठावरच ढिगांत पडून होती. तीच परत कालव्यात लोटली. जिथे त्या ढिगांखाली जुनं पात्र गाडलं गेलं होतं, तिथे ते पुन्हा कोरलं. मधले दोन बांध काढून टाकले. जुलै २०२१ मध्ये बांधकाम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजला, ७० किलोमीटर नदी पुन्हा वळणं घेत वाहायला लागली, आणि १०० चौरस किलोमीटर पूरपट्ट्याला पाणी मिळण्याची सोय झाली. पहिल्या टप्प्यानंतरच वाळूचे किनारे दिसायला लागले, ऑक्सिजन वाढला, बदकं आणि लांब पायांचे बगळे परतले.

आता हिशोब. कालवा खणायला ३ कोटी डॉलरच्या वर खर्च आला होता. बुजवण्याच्या योजनेला जवळपास १०० कोटी डॉलर. मधल्या काळातली महागाई धरली पाहिजे हे खरं. पण त्यातला मोठा वाटा जमिनीचा आहे. कोरड्या झालेल्या पट्ट्यात माणसं वसली होती, गुरं चरत होती. पाणी परत आणायचं तर नदीकाठची आणि वरच्या तळ्यांभोवतीची १ लाख एकरांहून जास्त जमीन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. काही लोकांचा विरोध होता, आणि त्यांचं भय खोटं नव्हतं. सरकारनंच कालवा खणला, त्याच्या भरवशावर ते तिथे राहिले होते.

आणि एवढं करूनही हा पूर्ण रोलबॅक नाहीच. कालव्याची वरची आणि खालची टोकं तशीच आहेत, कारण तिथे पूरनियंत्रण सोडता येत नाही. वरच्या तळ्यांत पाणी सुमारे दीड फूट जास्त साठवून ते नदीला सावकाश सोडायचा नवा नियम लागतो, तो बांधकाम संपलं तेव्हाही पूर्ण लागू व्हायचा होता. माती लोटून पात्र मिळतं. प्रवाह मिळतो तो वरचा दरवाजा कोण, कधी उघडतो त्यावर.

आपण इथून काय घ्यायचं? जलयुक्त शिवारसारख्या योजनांत नाल्यांचं खोलीकरण, रुंदीकरण, सरळीकरण हे शब्द आपण ऐकलेत. गावोगावी जेसीबी लागलेले पाहिलेत. पाण्याची गरज खरी आहे, जशी १९४७ नंतर फ्लोरिडाची खरी होती. तिथली सपाट दलदल वेगळी, आपला खडक वेगळा, तेव्हा तिथलं उत्तर उचलून इथे लावता येणार नाही. पण जेसीबी ओढ्यात उतरायच्या आधी विचारायचा एक प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे: आज इथे काय आहे, हे कुणी लिहून ठेवलंय का? डोह कुठे होता, वळण कुठे होतं, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असायचं, कोणते मासे मिळायचे?

किसिमीला तिची जुनी छायाचित्रं आणि नोंदी होत्या, म्हणून निदान मधली ७० किलोमीटर परत मिळाली. आपल्या बहुतेक ओढ्यांची नोंद फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. तुमच्या हातातल्या फोनला कॅमेरा आहे, त्यात जागा आणि तारीख दोन्ही नोंदवता येतात. यंदा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावच्या ओढ्याचा एकाच जागेवरून एकेक फोटो काढा. घरात आजोबा-आजी असतील तर त्यांना जुन्या डोहांची नावं विचारून लिहून घ्या, आणि आम्हाला पाठवा. आलेल्या नोंदींवर एक वेगळा भाग करू.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!