फेरीनिहाय गुणपद्धती (कुस्ती)

ऑलिम्पिक शैलीच्या कुस्तीत २००५ ते २०१३ या काळात लागू असलेली, कमी गुणांच्या मल्लालाही विजयी ठरवू शकणारी निकालपद्धती. लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. दोन फेऱ्या जिंकेल त्याची कुस्ती. एका फेरीतले गुण पुढच्या फेरीत धरले जात नसत आणि खोट तिथेच होती. फेऱ्या १–०, ०–५, १–० अशा सुटल्या, तर दोन गुणांचा मल्ल पाच गुणवाल्यावर मात करी. मधल्या फेरीतले पाच गुण वाया जात.

त्याहून वाईट प्रकार कोऱ्या फेरीचा. फ्रीस्टाइलमध्ये दोन मिनिटांत गुणच झाला नाही, तर पिशवीतून रंगीत चेंडू काढला जाई. ज्याचा रंग निघेल त्याने समोरच्याचा एक पाय दोन्ही हातांनी धरायचा आणि मग शिट्टी व्हायची. म्हणजे एकेरी पट आयताच हातात! तीस सेकंदांत गुण करायचा, नाही झाला तर गुण समोरच्याला. पाय धरणाराच बहुधा फेरी नेई. पटात शिरायला पोरं तालमीत वर्षानुवर्षे घाम गाळतात. तो पट नशिबाने वाटणे हा त्या मेहनतीवर अन्याय होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. कारणे अनेक होती. प्रेक्षकांना न उमगणारे नियम हे त्यांतले एक. मे महिन्यात फेऱ्या जिंकण्याची पद्धत रद्द झाली. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, गुणांची सलग बेरीज आणि खाली आणून ताबा घेण्याला एकाऐवजी दोन गुण, असे नियम आले. सप्टेंबरमध्ये कुस्तीला ऑलिम्पिकमधली जागा परत मिळाली.

सलग बेरजेत निकाल कसा स्वच्छ लागतो, त्याचे एक उदाहरण: डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेख याने आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके याला ११–३ असे हरवले. माती विभागाच्या विजेत्याने गादी विभागाच्या विजेत्यावर मिळवलेला हा विजय होता. कोण वरचढ ठरला, हे त्या आकड्यांतच दिसते. जत्रेच्या फडात गुणांचा प्रश्नच नसतो: निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागली पाहिजे, नाहीतर बरोबरीत सोडवायची. चीतपट गादीवरही सर्वांत वर आहे. नऊ गुणांनी मागे असलेला मल्लही शेवटच्या क्षणी पाठ लावून जिंकतो. हा दोष नव्हे. कुस्तीचा जीव त्यातच आहे.

गुण समान झाले तर आज आधी मोठ्या डावाचे गुण, मग ताकिदी आणि त्याही समान असतील तर शेवटचा गुण कोणाचा, हे पाहतात. या अखेरच्या कसोटीत फेरीनिहाय पद्धतीच्या जुन्या दोषाचा अंश उरला आहे: १–१ वर शेवटचा गुण हाती असलेल्याला उरलेला वेळ मागे सरत काढावासा वाटतो, आणि त्याला लढायला लावणे पंचांवर येते.