नवे नियम, जुनी यंत्रे आणि देवनागरी

छापील पुस्तक वाचावयास डोळे आणि उजेड एवढे पुरते. वेबवरील पानाचे तसे नाही. तेथे छपाईचा शेवटचा संस्कार वाचकाच्या घरी, त्याच्याच यंत्रावर होतो. लेखक धाडतो त्या निव्वळ आकड्यांच्या ओळी. त्यांची अक्षरे वाचकाचा संगणक बनवितो. तो दहा वर्षांपूर्वीचा असला, तर त्याला ठाऊक असलेले नियमही दहा वर्षांपूर्वीचेच असतात.

टिम बर्नर्स-ली ह्यांनी वेबची उभारणी केली तेव्हा ह्या अडचणीवर एक शहाणपणाची तोड आरंभापासूनच होती. जी खूण ब्राउझरला ओळखता येत नाही ती त्याने सोडून द्यावी आणि आतील मजकूर तेवढा दाखवावा. त्यामुळे डिसेंबर १९९६ मध्ये पानाच्या सजावटीचे नवे नियम आले, तरी जुन्या यंत्रावर सामान्यतः सजावटच काय ती हरपे. मजकूर वाचता येई. पण ही तोड अक्षरांना लागू पडत नाही. अक्षरच ओळखू आले नाही, तर मागे उरावे काय?

देवनागरीची गोष्ट येथून सुरू होते. नियम नव्हते असे कोणी समजू नये. भारतीय मानक संस्थेचे ‘इस्की’ हे मानक १९९१ चे, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. तीत देवनागरीला मानाचे स्थान होते. तिच्या अक्षरांचा क्रमही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेला. म्हणजे मराठी वृत्तपत्रे वेबवर येण्यापूर्वीच नियम सिद्ध होता. नव्हती ती तो जाणणारी यंत्रे. घरोघरी आणि कचेऱ्यांतून विंडोज ९५ व ९८ चालत असे, आणि त्यांत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती.

मग मराठी प्रकाशकांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट त्यांनी वाचकांना उतरवून घ्यावयास दिले. संगणकाच्या समजुतीप्रमाणे तो इंग्रजी अक्षरेच दाखवीत असे. वाचकाला मात्र मराठी दिसे! १९९७ साली नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ह्या दोन्ही ब्राउझरांनी पानाबरोबरच फॉन्ट धाडण्याची सोय केली, पण दोघांची तऱ्हा निराळी. इंदूर वा बडोद्याच्या वाचकाला घरबसल्या मराठी पत्र वाचता आले ते ह्या युक्तीमुळेच, आणि तिला नावे ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. परंतु प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी होती. एकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता गोंधळ. आणि शोधयंत्राला तर त्यात मराठी असे काही सापडतच नसे.

विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आणि देवनागरी जुळणी आली. पाठोपाठ २००१ साली विंडोज एक्सपी आली. तीत सोय होती, पण झाकलेली. भाषांच्या खिडकीत शिरून एक चौकोन टिचवावा लागे, आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. सायबर कॅफेत बसलेल्या गिऱ्हाईकाने ती सीडी आणावी कोठून? ही सोय नसेल तेथे ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाई, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. फॉन्टही नसला तर नुसते चौकोन.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २००१ मध्ये, पाश्चात्य देशांतील वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ह्या मंडळाने जुने ब्राउझर टाकून द्या अशी मोहीमच उघडली होती. मोहीम उपयुक्त होती. पण यंत्र ज्याच्या मालकीचे नाही, अशा वाचकाला ती काय कामाची?

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने युनिकोडचाच मार्ग धरला. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, जरी त्यापायी कित्येक वाचक काही वर्षे दूर राहिले. तंटे मात्र मिटले नाहीत. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द!

२०१० च्या सुमारास हीच अडचण खिशातल्या फोनवर पुन्हा उभी राहिली. त्यावरील तोड मला सर्वांत सुजाण वाटते. ऑपेरा मिनी ह्या ब्राउझरमध्ये एक गुप्त भासावे असे पान होते. तेथील एक पर्याय निवडला की दूरचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रे करून धाडी. मजकूर उतरवून घेता येत नसे, डेटाही अधिक लागे. पण साध्या फोनवर मराठी वाचता येई, आणि नव्या नियमाचा भार वाचकावर न पडता मधल्या यंत्रावर पडे.

जुन्या फॉन्टांतील पाने मात्र मागे राहिली. नेटस्केपने २००० साली आपल्या सहाव्या आवृत्तीतून फॉन्ट धाडण्याची ती सोय काढून टाकली. ती पाने आज उघडली तर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे ह्यांचा काला दिसतो. त्यांतून मराठी परत मिळवावयाचे तर मूळ फॉन्ट हाती असावा लागतो, आणि प्रत्येक फॉन्टासाठी अक्षरांचे स्वतंत्र कोष्टक करावे लागते.