आरसा गेला कुठे?

मागच्या आठवड्यात मी माझा जुना डीएसएलआर विकला. नऊ वर्षांची सोबत होती, देताना हात जरा अडखळलाच. पण ती बॅग खांद्याला लावून गर्दीच्या लोकलमध्ये चढताना किती शिव्या खाल्ल्यात ते आठवलं आणि व्यवहार झाला. आता हातात छोटा मिररलेस आहे. म्हटलं, आज त्या गेलेल्या आरशाचीच गोष्ट सांगू.

मुळात कॅमेऱ्यात आरसा आला कशाला? 1925 साली जर्मनीत लायका बाजारात आला. सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा. त्यात आरसा नव्हताच! पण बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं. लांबच्या डोंगराला चालून जायचं. जवळच्या फुलाचा फोटो घेतला की दिसलं एक, उमटलं थोडं दुसरंच.

यावर उतारा म्हणजे आरसा. भिंगामागे तिरका बसवायचा, म्हणजे भिंगाला दिसतं तेच डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर, फिल्मवर उजेड, खटॅक! सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तो वरच राहायचा, पुढची फिल्म गुंडाळेपर्यंत डोळ्यासमोर अंधार. 1954 मध्ये जपानच्या असाहीफ्लेक्सनं तो लगेच खाली आणून दाखवला. 1959 मध्ये निकॉन एफ आला. पुढची कित्येक वर्षं बातमीदारांपासून लग्नातल्या फोटोवाल्यांपर्यंत सगळीकडे आरसाच.

पण आरशाला हलायला जागा लागते ना! कॅननच्या ईएफ पद्धतीत भिंगाच्या कड्यापासून फिल्मपर्यंत 44 मिलिमीटर, निकॉनच्या एफमध्ये 46.5. शिवाय डोक्यावर काचेचं प्रिझम. जाडी येते ती इथून. गंमत म्हणजे फिल्म जाऊन सेन्सर आला, सेन्सरला स्वतःलाच दिसायला लागलं, तरी आरसा जुन्या भाडेकरूसारखा बसून. तुमच्या खिशातल्या फोनला तर तो कधीच लागला नाही.

2008 मध्ये पॅनासॉनिकनं जी1 आणला. आरसा काढला, डोळ्यासमोर छोटा स्क्रीन दिला. 2013 मध्ये सोनीनं ए7 मध्ये हेच 35 मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर केलं. 2018 मध्ये निकॉन आणि कॅनन दोघंही मोठ्या सेन्सरचे मिररलेस घेऊन उतरले, आणि 2020 मध्ये जपानी कंपन्यांचे मिररलेस डीएसएलआरपेक्षा जास्त संख्येनं बाजारात गेले.

सगळं छानच झालं असं नाही हं. स्क्रीन सतत चालू, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. मोठ्या टेलिफोटो भिंगांचं वजनही फारसं हटत नाही, बॉडी तेवढी बारीक झाली. आणि आरशातून थेट डोळ्यात येणारा उजेड... त्याची सर स्क्रीनला नाही, निदान माझ्या डोळ्याला तरी.

म्हणून मी जुनं ईएफ भिंग विकलेलं नाही. कॅननच्या नव्या आरएफ पद्धतीत कडं ते सेन्सर अंतर फक्त 20 मिलिमीटर. जुनं भिंग लावायचं तर मध्ये 24 मिलिमीटरचा अडॅप्टर बसवावा लागतो. काल तो डोळ्याला लावून आरपार पाहिलं. आत काच नाही, काही नाही. नुसती पोकळ जागा, आरशाची.