तळटीप : लिबरेटर
* बी-२४ ‘लिबरेटर’ हे दुसऱ्या महायुद्धातले चार इंजिनांचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान. ते बनवण्याची रीत अशी : हमरापूर गावातल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साचा, घासकाम, रंग, डोळ्यांची आखणी वेगवेगळ्या हातांकडे असते. फोर्डच्या विलो रन कारखान्यातही लिबरेटर बनवण्याची कामे अशीच वाटलेली होती, आणि १९४४ साली तिथून तासाला जवळपास एक विमान बाहेर पडे. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. युद्धकाळात तिथे दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती चाले. खरा पराक्रम मात्र पुढचा. दोस्तांनी कानपुरात मोडीत टाकलेली, मुद्दाम निकामी केलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी उडण्यापुरती सांधली, बंगळुरात आणून नीट केली. १९४८ अखेरीस ती हवाई दलात दाखल झाली आणि १९६८पर्यंत टिकली.