केटलीचं झाकण आणि ज्योत गिळणारं इंजिन

आज टेबलावर एक छोटी वस्तू ठेवली आहे. मागच्या रांगेतल्या लोकांना ती दिसणार नाही, म्हणून आधी वर्णन करतो. लाकडी पाटावर बीडाचा एक आडवा सिलिंडर बसवला आहे, आतला व्यास २० मि.मी. त्यात बीडाचाच दट्ट्या. दट्ट्याला क्रँक, क्रँकला पितळेचं जड चाक. सिलिंडरच्या बंद टोकाला एक छिद्र, त्यावर सरकणारी पोलादी पट्टीची झडप, आणि छिद्रासमोर स्पिरिटचा दिवा. बस्स, एवढंच. बॉयलर नाही, वाफ नाही, ठिणगी नाही. चाकाला बोटाने गती दिली की ज्योत छिद्रातून आत ओढली जाते आणि चाक फिरत राहतं. हौशी कारागीर याला ज्योत चाटणारं किंवा ज्योत गिळणारं इंजिन म्हणतात.

हे आम्ही दोघांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या लहान लेथवर बनवलं. सुटे भाग महिन्याभरात तयार झाले. इंजिन चालायला मात्र त्यानंतर आठ महिने लागले. ते आठ महिने का गेले, हेच आजच्या व्याख्यानाचं सूत्र आहे. कारण चूक आमच्या लेथमध्ये कमी आणि डोक्यात बसलेल्या एका गोष्टीत जास्त होती.

ती गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. छोटा जेम्स वॉट चुलीजवळ बसलेला असतो, केटलीचं झाकण वाफेने उडतं, आणि त्याला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचते. ही गोष्ट ऐकून आपल्या मनात काय ठसतं? उष्णता ढकलते. वाफ ढकलते, आग ढकलते. म्हणजे आग जितकी मोठी, तितका धक्का मोठा.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. १७१२ साली इंग्लंडमध्ये डडलीजवळ एका कोळशाच्या खाणीवर टॉमस न्यूकोमेनचं इंजिन चालू झालं. न्यूकोमेन हा डार्टमथ गावातला लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याच्या इंजिनात वाफ यायची ती अगदी सौम्य दाबाची, आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या वाफेपेक्षाही कितीतरी नरम. ती दट्ट्याला फारसं ढकलतच नव्हती. दट्ट्या वर उचलला जायचा तो तुळईच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पंपाच्या दांड्यांच्या वजनाने. सिलिंडर वाफेने भरला की आत थंड पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचं पाणी व्हायचं, आत जवळजवळ पोकळी व्हायची, आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबायची. काम करणारा धक्का हा होता. मिनिटाला साधारण १२ वेळा. म्हणून या इंजिनाला वातावरणीय इंजिन म्हणतात.

हवेला एवढा जोर असतो का? असतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. सतराव्या शतकाच्या मध्यात जर्मनीतल्या ऑटो फॉन गेरिकेने धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली होती, आणि दोन्हीकडून घोडे जुंपूनही ते सुटेनात. घोड्यांशी झुंजत होती ती हीच हवा, जी आपल्या आजूबाजूला रोज गुमान बसलेली असते.

म्हणजे आग ढकलत नाही. आग फक्त जागा रिकामी करायची तयारी करते. खरं काम होतं ते थंड होण्याने.

आता वॉटकडे येऊ. तो ग्लासगो विद्यापीठाच्या आवारात उपकरणं दुरुस्त करण्याचं दुकान चालवायचा. १७६३-६४ च्या सुमारास प्रा. जॉन अँडरसन यांच्या वर्गातलं न्यूकोमेन इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. ते त्याआधी लंडनच्या एका नामांकित उपकरणकाराकडे जाऊन आलं होतं. सिलिंडरचा व्यास सुमारे २ इंच, दट्ट्याची धाव ६ इंच. वॉटने ते नीट जोडलं, चालू केलं, आणि ते काही फेरे मारून थांबलं. बॉयलर बघायला पुरेसा मोठा, पण वाफ पुरेना.

साध्या कारागिराने काय केलं असतं? मोठा बॉयलर लावला असता आणि मॉडेल परत पाठवलं असतं. वॉटने विचारलं, खाणीवरचं इंजिन चालतं, मग त्याचीच हुबेहूब प्रत का चालत नाही? उत्तर भूमितीत होतं. एखादा सिलिंडर सगळ्या मापांनी निम्मा करा. त्याचं पृष्ठफळ एक चतुर्थांश होतं, पण आतलं घनफळ एक अष्टमांश. म्हणजे आत असलेल्या वाफेच्या मानाने थंड भिंत दुप्पट झाली. शिवाय मॉडेलचा सिलिंडर पितळेचा, आणि पितळ उष्णता भराभर ओढून घेतं. दर फेऱ्याला फवाऱ्याने सिलिंडर गार व्हायचा आणि पुढची वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडायची. मोठ्या इंजिनातही हीच उधळपट्टी चालू होती. फक्त तिथे ती झाकली जात होती. मॉडेलने ती उघडी पाडली.

१७६५ च्या वसंतात ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर फिरताना वॉटला उत्तर सापडलं. वाफ थंड करायची ती सिलिंडरात नाही, शेजारच्या वेगळ्या भांड्यात. सिलिंडर कायम गरम, भांडं कायम थंड. ही कल्पना तपासायला त्याने काय वापरलं माहीत आहे? शरीरशास्त्राच्या कामात वापरतात तशी पितळेची एक पिचकारी, पावणेदोन इंच व्यासाची. दुकानातल्या सामानातून केलेला प्रयोग! पेटंट १७६९ साली मिळालं. आणि मोठं इंजिन प्रत्यक्ष चालायला १७७६ उजाडलं, कारण तोवर मोठा सिलिंडर आतून नीट गोल कोरणारं यंत्रच नव्हतं. ते जॉन विल्किन्सनने दिलं, तेही तोफा कोरण्याच्या अनुभवातून. केटलीच्या गोष्टीत ही अकरा वर्षं कुठेच नाहीत.

आता आमच्या शेडमध्ये परत या. हा सगळा इतिहास आम्ही वाचलेला होता, काही ठिकाणी शिकवलेलाही होता. तरीही इंजिन चालेना तेव्हा आम्ही काय केलं? ज्योत मोठी केली. वात जाड केली. मग दोन वाती लावल्या. प्रत्येक वेळी चाक चार-पाच फेरे मारायचं, क्षणभर आशा दाखवायचं आणि थांबायचं. आम्ही म्हणायचो, जोर कमी पडतोय. पुस्तकात न्यूकोमेन आणि हातात केटली, अशी गत.

एका संध्याकाळी शेजारचे एक निवृत्त टर्नर काका शेडमध्ये आले. त्यांनी सिलिंडरला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. म्हणाले, "अहो, एवढं तापवलंत, आता गार कुठे होणार ते?" त्यांनी न्यूकोमेन वाचला नव्हता. पण आठ महिन्यांत आम्हाला न सुचलेला प्रश्न त्यांनी विचारला.

हे इंजिन कसं चालतं ते नीट बघा. दट्ट्या बाहेर जाताना झडप उघडी असते आणि ज्योतीचा गरम वायू आत ओढला जातो. धाव संपत आली की झडप बंद. मग तो वायू सिलिंडरच्या भिंतीला उष्णता देऊन आकसतो, आतला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा दट्ट्याला आत ढकलते. समजा, आतला वायू निरपेक्ष मापाने ६०० अंशांवरून ४०० अंशांवर उतरला. आकारमान तेवढंच राहिलं तर दाब एक तृतीयांशाने घटतो. २० मि.मी. व्यासाच्या दट्ट्यावर हवेचा एकूण जोर सुमारे सव्वातीन किलो. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे जेमतेम एक किलो. झिरप आणि घर्षण वजा केलं की त्याहूनही कमी. भिंतच तापलेली असेल तर वायू थंड होणार कुठे? आमची मोठी ज्योत इंजिनाचा गळा दाबत होती.

मग ज्योत लहान केली. सिलिंडरवर बारीक पाती काढली, वारा लागावा म्हणून. तेल बंद केलं, कारण तेल उष्णतेने चिकट होतं. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड. झडप बसते तो पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घासून सपाट केला. एक गंमतही कळली: सिलिंडर अगदी गार असेल तरी चालत नाही. स्पिरिट जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड भिंतीवर दवासारखी धरते आणि दट्ट्या चिकटतो. म्हणून आधी किंचित शेकायचं, मग चालू करायचं. ना फार गरम, ना फार गार. ज्योत छिद्रापासून एक-दोन मि.मी. हलली तरी चाक मंदावतं.

तुम्ही विचाराल, मग याचं मोठं इंजिन का नाही कोणी केलं? प्रयत्न झाले. लंडनच्या सॅम्युएल ब्राऊनने १८२३ साली अशाच तत्त्वावर गॅसच्या ज्योतीच्या इंजिनाचं पेटंट घेतलं आणि १८२६ साली ते गाडीवर बसवून शूटर्स हिलचा चढ चढवून दाखवला. पण मोठ्या सिलिंडरात भिंत वायूच्या मानाने कमी पडते, म्हणून त्याला थंड करायला पाणी वापरावं लागलं. वॉटच्या मॉडेलचंच गणित, उलट्या बाजूने. जे लहानपण वॉटच्या मॉडेलला मारत होतं, तेच आमच्या इंजिनाला तारतं. पुढे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो आणि लांगेन यांच्या गॅस इंजिनाला सुवर्णपदक मिळालं. त्यातही स्फोट दट्ट्याला मोकळा वर उडवायचा, आणि काम घ्यायचं ते परतीच्या वाटेवर, वायू थंड होऊन हवेने दट्ट्या खाली दाबला तेव्हा. ऑटोचं चार धावांचं, खऱ्या अर्थाने ढकलणारं इंजिन १८७६ मधलं. डडलीपासून मोजलं तर १६४ वर्षं झाली.

लहान इंजिन बनवून मोठं शिकण्याची ही रीत विलायतेपुरती नव्हती. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी, जन्म १८०८. त्यांनी तरुणपणी स्वतः एक अश्वशक्तीचं छोटं वाफेचं इंजिन तयार केलं. १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकलं? केटली मात्र सगळ्यांना पाठ.

आमचं केटलीशी भांडण नाही. पण ती गोष्ट दोन गोष्टी लपवते. एक, तत्त्वच उलटं सांगते. दुसरं, एका मुलाला एका क्षणात सगळं सुचलं असं भासवते, आणि लोखंडविके, तोफा कोरणारे, बोट लावून तापमान ओळखणारे हात पुसून टाकते. घरात मुलांनी काही बनवलं आणि ते चाललं नाही, तर आपण पटकन म्हणतो, "जमलं नाही, सोडून दे." त्याऐवजी विचारा, "का थांबलं?" ग्लासगोच्या त्या मॉडेलने वॉटला तोच प्रश्न विचारला होता.

आता पंखे बंद करा कृपया, ज्योत हलते. दोन मिनिटं सिलिंडर शेकू द्या. मग ज्यांना बघायचं आहे त्यांनी पुढे या, प्रश्नोत्तरं इथेच टेबलाभोवती करू.