जन्मस्थळाचा रकाना

आमच्या हायस्कुलाच्या कार्यालयात एक जुने लोखंडी कपाट आहे. शाळा सुरू झाल्यापासूनची जनरल रजिस्टरे त्यात ठेवलेली आहेत. काहींची पाने पिवळी पडली आहेत, काहींना कसर लागली आहे. या कपाटाची किल्ली माझ्याकडे आल्यापासून मला एक गोष्ट कळून चुकली आहे. वर्गात मी तीस वर्षे इतिहास शिकविला, पण लोकांना प्रत्यक्ष गरज पडते ती या रजिस्टरांतल्या इतिहासाची.

गेल्या जूनमध्ये, प्रवेशाची गर्दी ओसरल्यावर, एक वयस्कर गृहस्थ आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, आता अमेरिकेत न्यू जर्सीला असतो.

"सर, पोरग्याचं काम अडकलंय. शाळेचा दाखला पायजे म्हणतोय."

"दाखला तेव्हाच दिलाय की, अण्णा."

"दिलाय खरा. पण त्यात जन्मगाव आमचं लिवलंय, आन् पंचायतीच्या दाखल्यात त्याच्या आईच्या म्हायेरचं."

मी रजिस्टर काढले. घोटाळा लगेच ध्यानात आला. मुलगा पहिलटकरणीचा, तेव्हा रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी, चंदगड तालुक्यात. शाळेत नाव घालताना मात्र अण्णांनी विचार न करता स्वतःचे गाव सांगितले, तालुका बेळगाव. दोन गावांमध्ये अंतर बसने तासा-दीड तासाचे. पण एक गाव महाराष्ट्रात आणि दुसरे कर्नाटकात! त्यातून पासपोर्टावर जुने 'बेळगाव' आणि अलीकडच्या कागदांवर, १ नोव्हेंबर २०१४ च्या नामांतरानंतरचे, 'बेळगावी'. खुद्द अण्णांची कथा याहून न्यारी. त्यांचा जन्म १९५२ चा, म्हणजे मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्याचे झाले आणि १९७३ साली कर्नाटकाचे. घराचा उंबरा जागचा हलला नाही!

रजिस्टरात खाडाखोड करण्याचा मला अधिकार नाही. वरच्या कार्यालयाची परवानगी लागते. तसे त्यांना सांगितले, आणि रात्री त्या मुलाचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितले. बोलता बोलता मी विचारले, "काय रे, महाराष्ट्र की कर्नाटक यावर तुझी रांग बदलणार आहे का?"

तो हसला. म्हणाला, "नाही सर, इथं दोन्ही गावं एकाच रांगेत. कागद जुळले पाहिजेत एवढंच. रांग भारताची."

मग त्याने मला ती रांग समजावून दिली. आपल्याकडे आता घरोघर 'ग्रीन कार्ड' हा शब्द रुळला आहे, पण त्याची रीत थोड्यांनाच ठाऊक असते. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, कायम राहण्याचा परवाना. (१९४० च्या दशकात ते खरोखर हिरवे होते. १९६४ नंतर त्याचे रंग बदलत गेले, २०१० साली पुन्हा हिरवट झाले. नाव मात्र मध्येही सुटले नाही.) नोकरीच्या आधारावर अशी कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि त्यात बायका-मुलेही धरलेली. कोणत्याही एका देशाला त्यांतली ७ टक्क्यांहून अधिक मिळावयाची नाहीत, असा १९९० चा कायदा. देश लहान असो की मोठा, टक्के तेच. दुसऱ्या देशांनी न वापरलेली थोडी कार्डे कधी पदरात पडतात, ती निराळी. त्यामुळे २०२५ साली उच्चशिक्षित भारतीयांच्या वर्गात ज्यांचे अर्ज २०१२-१३ च्या सुमाराचे, त्यांचा नंबर लागत होता. माझ्या विद्यार्थ्याचा अर्ज २०१६ चा. एच-वन-बी व्हिसाची मुदत एरवी सहा वर्षांची. रांगेत असलेल्यांना ती वाढवून मिळते, ही २००० सालच्या कायद्याची कृपा.

आणि देश कोणता धरायचा? नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. उद्या एखादा भारतीय कॅनडाचा नागरिक झाला तरी अमेरिकेच्या या हिशेबात तो भारताच्याच रकान्यात. याला एक फट आहे. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. याच मुलाच्या बाकावर बसणारा दुसरा एक विद्यार्थी, तोही तिकडेच. त्याचे सासरे कुवेतला नोकरीला होते, बायको तिथे जन्मली. त्याचे कार्ड केव्हाच झाले. दोघांचे शिक्षण सारखे, पगार जवळपास सारखे, गणितात हा थोडा पुढेच होता.

"सर, हा जन्माचा नियम कुणी काढला?" त्याने विचारले. मास्तरला प्रश्न विचारला की उत्तर शोधणे आले. पावसाळाभर जे वाचले त्यातले काही येथे मांडतो.

आरंभ १७९० मध्ये आहे. अमेरिकेच्या पहिल्या नागरिकत्व-कायद्यात, बाहेरून आलेल्यांपैकी 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती'लाच नागरिक होता येईल असे लिहिले गेले. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. बाकी जग बाहेरच. चिनी मजुरांवर १८८२ मध्ये बंदी आली. आपले लोक, बहुतेक पंजाबातील शीख शेतकरी, विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत कामाला लागले. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने त्यांना मारझोड करून हुसकावून लावले. १९१७ च्या कायद्याने तर आशियाचा मोठा पट्टाच प्रवेशासाठी बंद केला.

पण जे आत होते त्यांचे काय? ते 'गोरे' होते की नव्हते? नागरिकत्व त्या काळी न्यायालये देत, आणि न्यायालयागणिक उत्तर निराळे. मुंबईकडचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने गोरे मानले. १९१३ मध्ये ए. के. मजुमदार या बंगाली गृहस्थांनाही उच्चवर्णीय आर्य म्हणून नागरिकत्व मिळाले. मग भगतसिंग थिंद यांचे प्रकरण आले. हा अमृतसरकडचा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. १९१८ मध्ये त्याला गणवेशातच नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढूनही घेतले गेले. १९२० मध्ये ओरेगॉनमध्ये ते पुन्हा मिळाले. सरकार वर गेले.

सर्वोच्च न्यायालयात जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायमूर्ती सदरलँड यांनी ओझावा या जपानी गृहस्थाला सांगितले होते, की तुमची कातडी गोरी असेल, पण गोरा म्हणजे शास्त्राच्या अर्थाने कॉकेशियन. थिंद यांनी तोच धागा पकडला. शास्त्र तर उत्तर हिंदुस्थानच्या लोकांना कॉकेशियन म्हणते! तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की शास्त्र काही म्हणो, गोरा म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो.

निकाल अन्यायाचा होताच. पण आपल्या बाजूच्या युक्तिवादाकडेही डोळेझाक करता येत नाही. थिंद यांच्या वतीने असे मांडले गेले, की ते उच्च जातीचे आहेत, आणि उच्चवर्णीय हिंदू येथील मूळ रहिवाशांशी सोयरीक टाळतो ती गोरा अमेरिकन निग्रोशी टाळतो तशीच. दाराबाहेर उभे राहून, आम्ही घरी इतरांसाठी दार बंद ठेवतो म्हणून आम्हांला आत घ्या, असे म्हणण्यासारखे हे झाले. मला ते वाचताना शरम वाटली. योगायोग असा, की त्याआधी थोडीच वर्षे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, जातिसंस्थेची चिकित्सा करीत होते. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ चा. केतकर परत आले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत शिरले आणि अखेर मेक्सिकोत मक्यावर संशोधन करीत राहिले.

थिंद निकालानंतर सरकार आधी नागरिक झालेल्यांच्या मागे लागले. साठेक जणांचे नागरिकत्व गेले. वैष्णोदास बगाई हे पेशावरचे. १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुले घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान थाटले, १९२१ मध्ये नागरिक झाले. ते गेले. नागरिकत्वास अपात्र परक्यांना जमीन धारण करू न देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मालमत्ताही हातची गेली. मायदेशी भेटीला जायचे म्हटले तर ब्रिटिश प्रजाजन म्हणून पासपोर्ट घ्या, असे उत्तर. इंग्रजांचे राज्य नको म्हणून जो घर सोडून निघाला त्याला हे उत्तर! मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. वृत्तपत्रासाठी पत्र लिहून ठेवले होते. बंदिवानाचे जिणे मला नको, असा त्याचा आशय.

या काळोख्या वर्षांत एका माणसाने सरकारला रोखले. त्याचे नाव सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून मी खुर्चीत सावरून बसलो, कारण अशी नावे आमच्या रजिस्टरांत पानोपानी आहेत. लॉस एंजेलिसला वकिली करणारे हे पंडित १९१४ मध्ये नागरिक झाले होते आणि थिंद यांच्या वकिलांपैकी होते. थिंद हरले तेव्हा सरकारने खुद्द वकिलावरच दावा लावला. पंडितांनी आपण आर्य की कोण या वादात पाऊल घातले नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. १९१४ मध्ये न्यायालयात याच प्रश्नाची सुनावणी झाली, निकाल लागला, सरकारने अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी वकिली उभी केली, संसार केला. पत्नी जन्माने अमेरिकन. नागरिकत्वास अपात्र परक्याशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व त्या वेळच्या कायद्याने जात असे, म्हणजे तिच्याही डोक्यावर टांगती तलवार. १९२६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, की एकदा लागलेला निकाल पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला, आणि बाकीच्या भारतीयांवरचे दावेही सरकारने सोडून दिले. थिंद जातीच्या आधारावर हरले, पंडित कागदाच्या आधारावर जिंकले. मी हेडमास्तर आहे, मला दुसरे जास्त पटते.

(थिंद यांचेही शेवटी भले झाले. महायुद्धातील सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये त्यांना तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळाले. ते टिकले.)

पुढचे थोडक्यात सांगतो. २ जुलै १९४६ रोजी ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क दिला आणि वर्षाला प्रवेश दिला १०० जणांना. तेही कसे? वंशावर. भारतीय रक्ताचा माणूस इंग्लंडात जन्मलेला असला तरी गणती या शंभरांतच. याच कायद्यामुळे दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. त्याच आठवड्यात इकडे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते!

वंशाची ही मोजदाद ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने मोडली. जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. आता आशियातील आणि युरोपातील प्रत्येक देशाला सारखीच मर्यादा, वर्षाला २०,००० ची, आणि माणूस मोजायचा तो जन्मस्थळावरून. रक्त, रंग, आडनाव काही पाहायचे नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. ज्या नियमाने आज त्याला अडवून ठेवले आहे तो आला तेव्हा सुटकेचा नियम होता. देशादेशांत समता आणायची म्हणून तो केला होता. माणसामाणसांतली समता त्यात मोजली गेली नाही, कारण भारतातून लाखांनी इंजिनीअर येतील हे १९६५ मध्ये कोणाच्या गावीही नव्हते.

हे सारे मी त्याला फोनवर सांगितले. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "सर, माझं राहू दे. मुलीचं बघा." मुलगी २००९ ची. तिच्या आईने बाळंतपणासाठी माहेरी यावे असे ठरले, म्हणून तिचा जन्म बेळगावचा. धाकटा मुलगा २०१३ चा, तो न्यू जर्सीत जन्मला. १८६८ च्या घटनादुरुस्तीने आणि १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्याच्या निकालाने तो जन्मतःच अमेरिकन नागरिक. (जानेवारी २०२५ मध्ये, तात्पुरत्या व्हिसावरील आईबापांच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांचा हा हक्क काढण्याचा आदेश निघाला आणि वाद न्यायालयात गेला. याचा जन्म त्याआधीचा.) मुलगी मात्र बापाच्या अर्जावर. एकवीस वर्षांची झाली की ती त्या अर्जातून गळते. २००२ च्या कायद्याने वयाच्या हिशेबात थोडी सवलत मिळते, पण २०३० काही लांब नाही. एका घरातली सख्खी भावंडे, आणि हा फरक.

महिन्याभराने वरच्या कार्यालयाची परवानगी आली. मी रजिस्टरात लाल शाईने नोंद केली, नवा दाखला लिहिला. जन्मस्थळ चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. अण्णा न्यायला आले. त्यांनी दाखला दोनदा वाचला, घडी न घालता पिशवीत सरळ ठेवला.

"नातीचा पण असला कागद लागंल का हो?"

"तिचा जन्माचा दाखला आहे ना महापालिकेचा? तो ठीक आहे, अण्णा. त्यात चूक काही नाही."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. म्हणाले, "त्या वक्ताला सून तिथंच राहतो म्हणत हुती. आमच्या हिनं आन् विहीणबाईनी हट्ट केला. पैलं बाळंतपण, म्हायेरलाच पायजे म्हणून."

सव्वापाचची बस होती. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडून आलो.