भाड्याच्या फोनचे सुटे भाग

चकतीचा जुना फोन पुन्हा बोलता करायला बसलेल्या माणसाला हवा तो सुटा भाग बहुधा मिळतो, ही गोष्ट जरा चमत्कारिकच आहे. त्याच काळातल्या रेडिओचं एखादं बटण शोधताना नाकी नऊ येतात; फोनची कॅप्सूल, म्हणजे बोलण्या-ऐकण्याची आतली डबी, मात्र दुसऱ्या फोनमधून काढून निमूट बसते. याचं श्रेय सहसा जुन्या कारागिरीला दिलं जातं. मला ते मालकी हक्काचं वाटतं. अमेरिकेत बेल कंपनी, ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिस, आपल्याकडे डाक-तार खातं. यंत्र यांचं, ग्राहकाकडे नुसतं भाड्याने. बिघडलं तर खर्च मालकाचाच, त्यामुळे उघडून एक भाग काढावा आणि दुसरा बसवावा असंच यंत्र मालकाला परवडणारं होतं. बेलने १८८१ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक हा कारखाना ताब्यात घेतला, तेव्हापासून यंत्र बनवणारा आणि भाड्याने देणारा एकाच घरचा झाला. या व्यवस्थेचं पक्व फळ म्हणजे १९४९-५० चं मॉडेल ५००. त्याच्या हातातल्या भागाची झाकणं नुसत्या हाताने फिरवून निघतात, आतल्या कॅप्सूल डाग न देता बदलता येतात, आणि तारा स्क्रूखाली दाबलेल्या असतात. बऱ्याच भागांवर त्यांची तारीखही छापलेली असते. ग्राहक घर सोडून गेला की फोन दुरुस्तीखान्यात येई, साठ्यातले भाग घालून नवा करून पुढच्या घरी जाई. त्यामुळे आज सगळ्या तारखा जुळणारा फोन सापडला तर संग्राहक त्याला जास्त पैसे मोजतात. न जुळणाऱ्या तारखा हाच या व्यवस्थेचा सर्वांत बोलका पुरावा.

कुणी म्हणेल, यात भाड्याचं काय, हे तर तारेच्या मानकाचं काम. दोन तारा, ४८-५० व्होल्टची वीज, सेकंदाला सुमारे १० स्पंद. एवढं पाळलं की कुठलाही फोन चालतो. आक्षेप अर्धा खरा आहे. बेलची मूळ पेटंटं १८९३-९४ मध्ये संपल्यावर अमेरिकेत स्वतंत्र कंपन्या उगवल्या. पुढच्या काळात त्यांच्यातल्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिकचा चकतीचा फोन बेलच्या तारेवर बोलू शकत असे, पण त्याची चकती वेस्टर्नच्या सांगाड्यात बसवायला गेलात तर हात टेकाल. तारेचं मानक संभाषण जुळवतं; आटे आणि मापं जुळवायला एकच मालक लागतो. शिवाय तारेचा करारही देशोदेशी सारखा नाही. न्यूझीलंडने ब्रिटिश घडणीचे फोन घेतले, पण चकतीवरचे आकडे उलटे लावले. म्हणून तिथे १११ फिरवलं की तारेवर ब्रिटनच्या ९९९ इतकेच स्पंद जातात. तिथली चकती इथे बसेल, घर मात्र भलत्याचंच लागेल. ब्रिटनमध्ये १९८१ नंतर घंटीचा कपॅसिटर फोनमधून भिंतीवरच्या सॉकेटात गेला, तेव्हा तिसऱ्या तारेशिवाय तिथला नंतरचा फोन परदेशात बोलतो, वाजत नाही. आपल्या बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने (आयटीआय) १९४८ पासून लिव्हरपूलच्या कंपनीशी करार करून काम सुरू केलं, त्यामुळे काळ्या बेकलाइटच्या आपल्या फोनचे भाग शोधायचे तर नजर ब्रिटिश घराण्याकडे वळवावी, अमेरिकेकडे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: याच मक्तेदारीने फोनची वाढ खुंटवली. बोलणाऱ्याचा आवाज शेजाऱ्याला जाऊ नये म्हणून माऊथपीसवर लावायच्या साध्या वाटीलाही, हश-अ-फोनलाही, बेलचा विरोध होता. १९५६ मध्ये न्यायालयाने तो मोडला आणि १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने बाहेरच्या यंत्रांना बेलच्या तारेचं दार उघडलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दारातून आलेल्या स्वस्त फोनांकडेही पाहावं. ग्राहकच मालक झाला, बनवणाऱ्याला दुरुस्तीची झळ उरली नाही, आणि यंत्र फेकून नवं घेण्याजोगं झालं. एका मालकाने नवं अडवलं आणि जुनं टिकवलं. या दोन्ही गोष्टी एकाच हिशोबातून आल्या.

भाड्याचा हा नियम फार मागे नेता येत नाही. भिंतीवरचे, हँडल फिरवायचे फोन आपल्याच पेटीतल्या बॅटरीवर चालत. त्यांच्या ट्रान्समीटरचा, म्हणजे बोलण्याच्या कॅप्सूलचा, विद्युत रोध कमी, तर एक्स्चेंजकडून वीज घेणाऱ्या नंतरच्या फोनचा जास्त. म्हणून दिसायला जुळणारा भाग आवाजात कमी पडतो. चकतीच्या फोनमध्येही झिजणारा भाग ट्रान्समीटरच: कोळशाचे कण घट्ट बसले की आवाज मरतो, आणि माणसं कॅप्सूल टेबलावर आपटतात. यावर कंपन्यांनी पुढे इलेक्ट्रॉनिक कॅप्सूल काढल्या, त्याही जुन्याच मापाच्या, कारण भाड्याने दिलेले लाखो फोन घराघरांत तसेच होते.